हप्त्याची मोटार

क्लीव्हलँड शहरी सायकली बनविणारा अलेक्झांडर विंटन याने इ. स. १८९८ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातील एका वृद्ध यंत्रज्ञास आपली मोटारगाडी एक हजार डॉलरांस विकली. अमेरिकेतील मोटारविक्रीची कथा बहुधा येथूनच सांगतात. वास्तविक दुर्यिया बंधूंनी त्याआधी दोनच वर्षे तेरा गाड्या बांधल्या होत्या. परंतु विंटनचे नाव अधिक गाजले, इतकेच. पुढे शिकागोच्या सिअर्स-रोबक पेढीने १९०८ ते १९१२ पर्यंत बग्गीच्या घाटाची मोटार टपालाने मागणी घेऊन विकली. ती खोक्यात बंद होऊन आगगाडीने येई!

या सर्व व्यवहारांत एक नियम मात्र कडक होता, तो रोखीचा. दुकानदाराने कारखान्याला रोकड मोजावयाची आणि गिऱ्हाइकाने दुकानदाराला. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये साडेआठशे डॉलरांना मिळे. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली, आणि १९२५ पर्यंत तिचा दोन आसनी प्रकार २६० डॉलरांवर उतरला. तरीही मजुराजवळ एवढी रक्कम एकदम कोठून असणार? शिवाय कारखाना बारमाही चाले, गिऱ्हाईक मात्र हिवाळ्यात फिरकत नसे. न खपलेल्या गाड्यांचा भार दुकानदारावर पडे, आणि बँका त्याला कर्ज देण्यास कचरत.

ही अडचण ओळखून जनरल मोटर्सने १९१९ मध्ये स्वतःचीच पतपेढी काढली. सुमारे तृतीयांश किंमत आधी, उरलेली वर्षभरात मासिक हप्त्यांनी. गाडी मात्र लगेच दारात.

फोर्डला कर्जाचा मनस्वी तिटकारा. त्याने १९२३ मध्ये उलट योजना काढली: दर आठवड्यास पाच डॉलर बँकेत ठेवा, व्याज मिळवा, आणि पुरी रक्कम साचल्यावर गाडी न्या. नीतीच्या दृष्टीने तिला नावे ठेवण्याजोगे काहीच नव्हते; पण शेजाऱ्याची शेव्हरोलेट रस्त्यावरून धावत असताना पासबुकाकडे पाहत बसण्याचा संयम किती जणांना असतो? योजना फसली. तिसऱ्या दशकाच्या मध्यास चारांपैकी सुमारे तीन गाड्या हप्त्यांनी खपत होत्या. १९२८ मध्ये फोर्डनेही पतपेढी उघडली.

पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला. हप्ता चुकला की गाडी जाई आणि भरलेले पैसेही बुडत. म्हणून १९३० मध्ये असंख्य कुटुंबांनी घरातील इतर खर्चाला कात्री लावली, पण मोटारीचा हप्ता चुकविला नाही. दुकानांतील माल त्यामुळे आणखीच पडून राहिला.