मूठभर धान्य आणि भाड्याचा मुकुट

शाळेने पालकाकडे काही मागावे, ही रीत आजची नव्हे. इंग्रजी अंमलापूर्वी गावच्या पंतोजीस धान्य मिळे आणि सणावारी दक्षिणा मिळे. हे देणे सक्तीचे वाटे खरे, परंतु त्याचे मान देणाऱ्याची ऐपत पाहून ठरे.

१८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने अनुदानाची पद्धत सुरू झाली. अनुदान घेणाऱ्या शाळेने थोडी तरी फी घ्यावी, अशी त्यात अट होती. फुकटच्या विद्येची किंमत राहत नाही, हा त्यामागील विचार. पुढे मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा एक हिस्सा शिक्षणाकडे वळला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी यातील अन्याय उघड केला: पैसा रयतेचा, लाभ मात्र वरच्या वर्गांचा. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

तथापि मोफत शिक्षणासही पैसा लागतोच. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडाचा मार्ग काढला. गृहिणीने दळणकांडणाच्या धान्यातून मूठभर बाजूला काढावे, एवढीच मागणी. ज्या घरी काही नसेल त्या घरच्या मुलाला वर्गात उभे राहून तसे सांगावे लागत नसे, कारण मागणारा थोरांच्या दारी जाई.

नेमका हाच विवेक आज सुटत चालला आहे. प्रवेशाच्या वेळी उकळल्या जाणाऱ्या देणग्यांना महाराष्ट्राच्या १९८७ च्या कायद्याने बंदी केली; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही केली. परंतु आनंदमेळाव्याची तिकिटे आणि वेशभूषादिनाचा खर्च यांची गणती कोणी देणगीत करीत नाही. वसई-विरारसारख्या, रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या शहरात तर आषाढीला वारकरी, गोकुळाष्टमीला कृष्ण, पुढे एखादा राष्ट्रपुरुष, अशी वर्षभर रांग लागते. वस्तुतः याच भूमीत सामवेदी आजीचे लाल लुगडे आहे, कोळ्यांचा, आगऱ्यांचा, वाडवळांचा आपापला पेहराव आहे. तो घरच्या पेटीत राहतो आणि मूल एका दिवसापुरता भाड्याचा मुकुट घालते. ज्या घरी दोन वेळची ओढाताण, तेथे हे भाडेही जड जाते. आणि ‘आमच्याने होत नाही’ हे शब्द बापाच्या नव्हे, सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी येतात.

उत्सव बंद करा, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. वेष धारण करून मूल इतिहास शिकते, हेही खरे. परंतु मागणी मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन करू नये; ती पालकांच्या सभेत व्हावी. शुल्कासंबंधीच्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीस शुल्काचा विचार करण्याचा अधिकार दिला आहे. तेथेच वर्षाच्या आरंभी सणसमारंभांच्या खर्चाचाही विषय काढता येईल. वेष घरच्या कपड्यांतून साधावा, आणि जो देऊ शकत नाही त्याचे नाव वर्गात उच्चारले जाऊ नये. मुष्टिफंडात देणाऱ्याइतकीच न देणाऱ्याचीही प्रतिष्ठा सांभाळली जाई. शाळेच्या मागणीची कसोटी हीच होय.