मलम गेलं, नकाशा राहिला

पापणीच्या कडेला किंवा नाकाच्या शेंड्यावर बेसल सेल कार्सिनोमा झाला की शल्यचिकित्सक पेचात पडतो. त्वचेचा हा कर्करोग सहसा शरीरात दूर पसरत नाही, पण कातडीखाली मुळं सोडत आजूबाजूला सरकत राहतो. दिसते तेवढीच गाठ काढावी, तर मुळं आत राहतात. भरपूर जागा सोडून कापावं, तर पापणीच उरत नाही. या पेचावरचा आजचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मोज शस्त्रक्रिया. (खनिजांचा कठीणपणा मोजणारा मोज वेगळा, तो शतकभर आधीचा.)

हिचं मूळ १९३०च्या दशकातलं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातलं. फ्रेडरिक मोज तिथे वैद्यकी शिकत होता आणि मायकेल गायर या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाताखाली उंदरांच्या गाठींत निरनिराळी रसायनं टोचून पाहत होता. झिंक क्लोराइड टोचल्यावर पेशी मेल्या. ते अपेक्षितच होतं, तो क्षार दाहक आहे. पण मेलेल्या भागाचा काप मायक्रोस्कोपखाली धरला, तर पेशींची रचना जशीच्या तशी! ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत जे साधायचं, ते जिवंत शरीरावरच साधलं होतं.

झिंक क्लोराइडचा लेप तसा जुनाच. १८५०च्या दशकात जे. वेल्डन फेल हा अमेरिकन डॉक्टर लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यात ब्लडरूट ही वनस्पती मिसळून कर्करोगावर लावत असे. पण गाठ जाळण्यापाशीच ते उपचार थांबत. जळलेल्या भागाखाली काय उरलं, हे पाहायची सोय नव्हती. मोजने ती सोय केली, आणि माझ्या मते त्याचं मोठेपण तिथेच आहे.

१९३६ साली त्याने माणसांवर उपचार सुरू केले. लेप लावायचा, पेशी थिजेपर्यंत थांबायचं, मग मेलेला थर बशीच्या आकारात तिरपा कापून घ्यायचा. थराच्या कडांना वेगवेगळे रंग लावायचे आणि जखमेचं चित्र कागदावर काढून त्यावर त्याच खुणा करायच्या. मग थर सपाट करून तळाच्या बाजूने आडवे काप घ्यायचे, म्हणजे तळ आणि कडा एकाच कापात येतात. नेहमीच्या उभ्या कापांत कडेचा एक टक्काही भाग नजरेखाली येत नाही. इथे सगळी कड तपासली जाते. निळ्या खुणेजवळ कर्करोगाच्या पेशी दिसल्या, तर पुन्हा तेवढ्याच जागी लेप, तेवढाच थर. बाकीच्या निरोगी कातडीला हात लावायचा नाही.

१९४१ साली ही पद्धत 'केमोसर्जरी' या नावाने छापून आली. लेपाने रुग्णाची आग आग होई आणि एकेका थराला एकेक दिवस जाई. १९५३ साली पापणीच्या एका शस्त्रक्रियेचं चित्रीकरण चालू असताना वेळ वाचवण्यासाठी मोजने लेप वगळला. जागेवर भूल देऊन ताजा थर कापला, गोठवला, तपासला. काम चोख झालं. तरी लेप मागे पडायला वेळ लागला. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी ताज्या ऊतींवरच्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष छापले, त्यानंतर बहुतेकांनी लेप सोडला. आता बहुधा एका दिवसात थर, तपासणी आणि टाके सगळं उरकतं. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल कार्सिनोमात बरं होण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांपर्यंत जातं.

तोच जुना लेप मात्र 'ब्लॅक साल्व्ह' या नावाने आजही इंटरनेटवर विकला जातो. त्यामागे ना मायक्रोस्कोप, ना नकाशा. वरची कातडी भरून येते, माणूस निर्धास्त होतो आणि आत कर्करोग वाढत राहतो. कृपा करून तो विकत घेऊ नका. चेहऱ्यावरची एखादी जखम आठवडे उलटले तरी भरत नसेल, पुन्हा पुन्हा खपली धरून फुटत असेल, तर ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी सांगितलेली बायोप्सी टाळू नका.