टायमिंग बेल्ट बदलताना ऑईल सीलही बदलायचे का? घरी काम करणाऱ्यांसाठी पूर्ण माहिती

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला दातेरी रबरी पट्टा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची बरोबर एक फेरी व्हायला हवी, हे गणित तो सांभाळतो. गणित चुकलं तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवायची वेळ येते. म्हणून बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा, हे गाडी वापरणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. त्या बेल्टच्या मागे बसलेल्या दोन ऑईल सीलबद्दल मात्र कुणी फार बोलत नाही. सील गळून ऑईल बेल्टवर गेलं की रबर फुगतं, दात मऊ पडतात, आणि काल टाकलेला नवा बेल्टसुद्धा भरवशाचा राहत नाही. ऑईल लागलेला बेल्ट पुसून परत लावायचा नसतो, तो टाकूनच द्यायचा.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. आमच्याकडे बाबांची जुनी सँट्रो झिंग आहे. तिचं हे काम आम्ही ओळखीच्या एका मेकॅनिक काकांना सोबत घेऊन घरच्या पार्किंगमध्ये केलं. खाली लिहिलंय ते त्या कामातून आणि वर्कशॉप मॅन्युअल वाचून पक्कं झालेलं.

आधी बघा, तुमच्या गाडीत बेल्ट आहे का

नावावरून अंदाज बांधू नका. ह्युंदाईच्या पहिल्या आय-टेनचंच घ्या : १.१ लिटरच्या इंजिनात बेल्ट, तर १.२ लिटरच्या कप्पा इंजिनात चेन. मारुतीच्या के-सिरीजच्या के-टेन आणि १.२ लिटर इंजिनांत चेन आहे. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये तर बेल्ट मुद्दामच ऑईलमध्ये फिरतो, त्याला 'वेट बेल्ट' म्हणतात आणि त्याचे नियम वेगळे. हा लेख कोरड्या बेल्टबद्दल आहे.

सील म्हणजे नेमकं काय

फिरणारा शाफ्ट इंजिनच्या बाहेर येतो, पण आतलं ऑईल बाहेर यायला नको. ही राखण करते ती ऑईल सील : बाहेरून धातूची किंवा रबराची कडा, आत पातळ रबरी ओठ, आणि त्या ओठाला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. बेल्टच्या बाजूला एक सील क्रँकशाफ्टची आणि प्रत्येक कॅमशाफ्टची एक. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आणखी एक मोठी सील असते, पण ती गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवल्याशिवाय दिसतही नाही. बेल्टच्या कामाशी तिचा संबंध नाही. कुणी 'त्याच खर्चात तीही करून देतो' म्हणालं तर दोन प्रश्न जास्त विचारा.

सीलवर छापलेले आकडे, समजा ३२×४७×६, म्हणजे मिलिमीटरमध्ये आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. पुढे रबराचा प्रकार असतो. एनबीआर हे साधं रबर, साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं. एफकेएम, म्हणजे बाजारात ज्याला व्हायटॉन म्हणतात ते, २०० अंशांच्या आसपास टिकतं. मापं जुळली म्हणून दुकानदाराने दिलेली कुठलीही सील घेऊ नका, पार्ट नंबरवरूनच घ्या. काही सीलवर बाणही असतो. तिच्या ओठावर तिरक्या रेघा असतात आणि त्या एकाच दिशेने फिरणाऱ्या शाफ्टसाठी बनवलेल्या असतात.

बदलायची की नाही

यावर मेकॅनिकांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, कोरडी सील छेडू नये. दुसरा म्हणतो, एवढं उघडलंय तर बदलून टाका. मी दुसऱ्या तटात आहे, पण एका अटीवर. सीलची किंमत बेल्ट आणि टेन्शनरच्या किटपुढे किरकोळ असते. खरा खर्च तिथपर्यंत पोचण्याचा, आणि तो तुम्ही बेल्टसाठी केलेलाच असतो. नंतर सील गळली तर तेच सगळं पुन्हा उघडा, वर नवा बेल्टही घ्या.

अट अशी, की सील काढायची तर पुली काढावी लागते. कॅमशाफ्टची पुली सोडवताना कॅम घट्ट धरून ठेवणारं टूल लागतं. बेल्ट निघालेला असताना व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने कॅम झटक्यात फिरू शकतो, आणि व्हॉल्व्ह वाकायला तेवढं पुरतं. म्हणून निर्णय बेल्ट काढायच्या आधी घ्या. पुली धरायचं साधन नसेल तर पूर्ण काम गॅरेजला द्या. अर्धं घरी, अर्धं तिकडे असं करू नका.

आणखी एक. सील गळतेय म्हणजे सीलच म्हातारी झाली असं नसतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाईप चोंदला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तो ऑईल सीलमधून बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला नवी सील लावली तरी काही महिन्यांत तीही गळेल. पीसीव्ही आधी तपासा, त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

प्रत्यक्ष काम

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा. आडव्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत बेल्टच्या बाजूचं माउंटिंग काढावं लागतं, तेव्हा ऑईल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिन तोलून धरा. क्रँक पुलीचा मोठा बोल्ट बेल्ट जागेवर असतानाच सैल करा. मॅन्युअल गाडीत टॉप गिअर टाकून कुणाला तरी ब्रेक दाबून बसवलं की क्रँक धरून राहतो. स्टार्टर मारून बोल्ट सोडवायची युक्ती व्हिडिओंमध्ये दिसते. ती करू नका, पान्हा हातावर येतो.

मग टायमिंगच्या खुणा जुळवा आणि फोटो काढा. फोटो समोरून, शाफ्टच्या सरळ रेषेत घ्या. तिरक्या फोटोत एका दाताचा फरक सहज लपतो. इथे फोन पान्ह्याइतकाच उपयोगी : पुलीमागच्या फटीत टॉर्च लावून व्हिडिओ काढला की सीलला घाम आलाय का ते बेल्ट काढायच्या आधीच दिसतं.

जुनी सील काढणं हा सगळ्यात नाजूक भाग. सीलला इजा झाली तरी चालेल, ती जाणारच आहे. शाफ्टवर ओरखडा पडता कामा नये. नखाला जाणवेल एवढा ओरखडासुद्धा नव्या सीलचा ओठ कापतो. सील काढायचा हुक मिळतो, तो वापरा. नसेल तर सीलच्या सपाट भागात, शाफ्टपासून लांब, छोटं भोक पाडून त्यात स्क्रू घाला आणि पक्कडीने सरळ ओढा. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे ते आत घुसणार नाही. स्क्रू ड्रायव्हर शाफ्टवर टेकवून उचकटणं, जे सगळे करतात, नेमकं तेच टाळायचं.

शाफ्ट पुसून बोट फिरवा. जुन्या ओठाने खाच पाडली असेल तर नवी सील साधारण एक मिलिमीटर पुढे-मागे बसवता येते, म्हणजे ओठ ताज्या जागेवर येतो. फक्त मागचं ऑईल परत जायचं भोक झाकलं जात नाही ना, ते बघा. खाच खोल असेल तर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते.

नवी सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑईलकडे. क्रँकशाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेप लावा, नाहीतर आत सरकतानाच ओठ चिरतो. रबरी ओठाला इंजिन ऑईलचं बोट लावा. पण सील पीटीएफईची असेल तर उलटं : ती कोरडीच बसवायची आणि कंपनीने सांगितलेले तास थांबून मगच इंजिन सुरू करायचं. पीव्हीसी पाईपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट सीलच्या बाहेरच्या कडेवर ठेवून हलके, चारी बाजूंनी सारखे ठोके द्या. जुनी सील किती खोल होती याचा फोटो काढला असेल तर इथे कामी येतो. तिरकी बसली तर ठोकून सरळ करत बसू नका, दुसरी घ्या. म्हणूनच मी एक सील जास्तीची आणायला सांगतो.

बेल्ट चढवून टेन्शन दिलं की क्रँक पान्ह्याने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि खुणा परत बघा. मध्येच कडक अडलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असू शकतो, खुणा पुन्हा जुळवा. टेन्शनर आणि आयडलर नवेच हवेत. वॉटर पंप बेल्टवर फिरत असेल तर तोही. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. एकदाच वापरायचा बोल्ट असेल तर नवा.

जाता जाता एक गंमत : बेल्टवाल्या डुकाटी मोटरसायकलींचे मालक बेल्ट तारेसारखा छेडून फोनच्या ॲपवर त्याची फ्रिक्वेन्सी मोजतात आणि त्यावरून टेन्शन ठरवतात. ऑटोमॅटिक टेन्शनरच्या कारला याची गरज नसते, तिथे टेन्शनरवरची खूण बघायची.

इंजिन गरम होऊ द्या, बंद करा, आणि खालचं कव्हर लावायच्या आधी सीलच्या खाली टॉर्च मारून बघा. तेच पुन्हा २००-३०० किलोमीटरनंतर. बेल्ट कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर बदलला ते कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. फोन बदलतात, गाडी दुसऱ्याकडे जाते, तो कागद गाडीसोबत राहतो.