तळटीप : केडगावचे संजीवन

* दौलताबादच्या या प्रकरणात आलेले ‘केडगावचे संजीवन’ म्हणजे 1905 साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये उसळलेली प्रार्थनेची लाट. ‘रिव्हायव्हल’ला मराठी ख्रिस्ती मंडळी संजीवन म्हणतात. हे केडगाव दौंडजवळचे. वाचकांनी नगरचे केडगाव समजू नये. वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या येत होत्या, तेव्हा त्या वर्षी जानेवारीत रमाबाईंनी मुलींचा रोजच्या प्रार्थनेचा गट जमवला. 29 जूनच्या पहाटे एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून सोबतीण धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली; ओतणार तोच कळले, ती पेटलेली नव्हतीच. पुढे शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा कल्लोळ खपला नाही. रमाबाई मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. या घटनेचे मोठेपण मला इथेच दिसते. दुष्काळाने, वैधव्याने घराबाहेर काढलेल्या मुली आता स्वतः उपदेश करत गावोगाव फिरू लागल्या. मुक्तीतल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांच्या 1906 च्या पुस्तिकेतून ही हकिगत थेट चिलीपर्यंत पोचली आणि तिथल्या 1909 च्या जागृतीला तिचा हातभार लागला.

दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्यात, गुलबर्ग्याला, रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी पुढे शाळा काढली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 1924 साली बाहेर पडले. — संपा.