वॉलपेपरच्या चौकटीची कुळकथा

संगणक सुरू झाल्यावर, कोणताही प्रोग्रॅम उघडण्यापूर्वी जो मोकळा पडदा दिसतो त्याला डेस्कटॉप म्हणतात आणि त्यावर सर्वांत मागे पसरलेल्या चित्राला वॉलपेपर. विंडोजवर चालणाऱ्या संगणकात हे चित्र बसवताना फिल, फिट, स्ट्रेच, टाइल, सेंटर आणि स्पॅन असे सहा पर्याय समोर येतात. घरच्या संगणकावर चित्र चपटे दिसू लागले, कडेने कापले गेले, काळ्या पट्ट्यांमध्ये अडकले, धूसर झाले किंवा पार नाहीसे झाले, की पडदा बिघडल्याची शंका घेतली जाते आणि दुरुस्तीवाल्याला निरोप जातो. वास्तविक यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ त्या पर्यायांच्या जन्मकाळात सापडते, कारण त्यांतील बरेचसे एकेका काळातील अडचणीवर तोडगा म्हणून आले आणि ती अडचण सरल्यावरही यादीत राहिले.

पहिली अडचण स्मृतीची, म्हणजे संगणकाच्या मेमरीची होती. झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या स्टार या संगणकाच्या पडद्यावर चित्र नव्हते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या विणीतून उमटणारी करडी पार्श्वभूमी तेवढी होती. १९८४ च्या ॲपल मॅकिंटॉशमध्ये ही वीण वापरणाऱ्याला स्वतः बदलता येऊ लागली. आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असा एक चौकोन भरायचा आणि यंत्राने तोच चौकोन पडदाभर मांडायचा, अशी ती रीत होती. एवढ्या चौकोनाला ६४ ठिपके, म्हणजे अवघे ८ बाइट पुरत. उलट ५१२ बाय ३४२ ठिपक्यांच्या त्या पडद्याएवढे संपूर्ण चित्र साठवायचे म्हटले असते, तर जवळजवळ २२ हजार बाइट लागले असते आणि यंत्राची एकूण स्मृती होती १२८ किलोबाइट. केवळ शोभेसाठी स्मृतीचा सहावा हिस्सा देणे त्या काळी शक्य नव्हते.

टाइल या पर्यायाचे कूळ हे आहे. मे १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० ने डेस्कटॉपवर खरे चित्र लावण्याची सोय दिली, तरी सोळा रंगांच्या ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्याएवढे चित्र दीडशे किलोबाइट अडवीत असे. त्यामुळे लहानसे चित्र घेऊन त्याची फरशी घालणे, किंवा ते एकटेच मधोमध ठेवणे, हे दोनच मार्ग होते. त्या काळच्या विन.आयएनआय या नोंदफाइलीत टाइलवॉलपेपर नावाची एक ओळ असे. आजच्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे संगणकाची सगळी मांडणी जिथे नोंदलेली असते त्या वहीत, ती नोंद त्याच नावाने टिकून आहे. पुढे आलेल्या पर्यायांची नोंद मात्र वॉलपेपरस्टाइल या निराळ्या नावाखाली होते आणि तिथे ताणण्याला (स्ट्रेच) २, बसवण्याला (फिट) ६, भरण्याला (फिल) १० असे अंक आहेत. आजच्या मोबाइलने काढलेला मोठा फोटो टाइलवर ठेवला, तर पडद्यावर त्याचा केवळ वरचा डावा कोपरा दिसतो. फरशीसाठी केलेल्या पर्यायाला पडद्याहून मोठे चित्र ठाऊकच नव्हते.

स्ट्रेच, म्हणजे चित्र चारही कडांपर्यंत ताणणे, ही सोय विंडोज ९५ साठी वेगळ्या विकल्या जाणाऱ्या प्लस या जोडसंचातून आली आणि विंडोज ९८ पासून अंगभूत झाली. त्या वेळचे जवळजवळ सर्वच पडदे चारास तीन या प्रमाणाचे होते आणि त्यांवर लावली जाणारी चित्रेही बहुधा त्याच प्रमाणात बनत, त्यामुळे ताणल्याने काही बिघडत नसे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीचे हिरव्या टेकडीचे प्रसिद्ध चित्र, जे चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टिपले होते, तेही ८०० बाय ६०० ठिपक्यांचे म्हणजे चारास तीन होते. पुढे पडदे रुंद होत सोळास नऊ या प्रमाणावर आले आणि तोच निरुपद्रवी स्ट्रेच माणसांचे चेहरे फुगवू लागला. ऑक्टोबर २००९ च्या विंडोज ७ मध्ये फिट, म्हणजे प्रमाण न बदलता चित्र पूर्ण बसवणे, आणि फिल, म्हणजे प्रमाण न बदलता पडदा भरून उरलेले कापणे, हे दोन पर्याय आले ते यामुळे. स्पॅन हा २०१२ च्या विंडोज ८ पासूनचा पर्याय एकच चित्र शेजारशेजारच्या दोन पडद्यांवर पसरतो. घरात एकच पडदा असेल तर त्याचे काम पडत नाही.

ही चौकटीची ओढाताण मराठी घरांत अधिक जाणवते आणि त्यामागे संगणकाहून जुना इतिहास आहे. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने १८७८ पासून, आणि मुंबईत १८९४ मध्ये सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने, देवादिकांची व थोर पुरुषांची छापील चित्रे घरोघर पोहोचवली. उभी लक्ष्मी, उभी सरस्वती, दत्त, विठ्ठल ही सारी चित्रे रुंदीहून उंच. नंतरची कॅलेंडरेही त्याच आकाराची. भिंतीवरची हीच चित्रे संगणकाच्या आडव्या पडद्यावर लावायची असतात, तेव्हा भिंतीची चौकट आणि पडद्याची चौकट यांचे जमत नाही.

खानापूर तालुक्यातील नंदगडचे उदाहरण घेतले तर हे आकड्यांत पाहता येते. कित्तूरच्या राणी चेन्नम्मांचा सेनानी संगोळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी येथेच फाशी दिले. त्याच्या समाधीवरील वड हे मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या या भागाचे श्रद्धास्थान आहे. त्या वडाचा फोटो मोबाइल उभा धरून काढला तर तो बहुधा तीनास चार या प्रमाणात येतो. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर, जो स्वस्त लॅपटॉपवर वर्षानुवर्षे चालत आला, हा फोटो फिलवर ठेवला तर रुंदी भरून काढण्यासाठी त्याची उंची सुमारे १८२१ ठिपके होते, त्यांतले ७६८ च दिसतात, आणि वडाचा शेंडा व बुंधा दोन्ही पडद्याबाहेर जातात. फिटवर ठेवला तर वड पूर्ण दिसतो, पण ५७६ ठिपक्यांत आक्रसतो आणि दोन्ही बाजूंना ३९५ ठिपक्यांच्या रिकाम्या पट्ट्या उरतात. स्ट्रेचवर ठेवला तर खोड रुंदीत दुपटीहून अधिक फुगते. तिन्ही वेळा यंत्र सांगितले तेच अचूक करीत असते, म्हणून अशा तक्रारीत ड्रायव्हर, म्हणजे पडद्याला चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा टाकण्यात वेळ घालवणे व्यर्थ आहे.

चित्र धूसर दिसण्याचे कारण निराळे. निवडलेली फाइल विंडोज जशीच्या तशी वापरत नाही. तिची एक दाबून लहान केलेली प्रत ट्रान्सकोडेडवॉलपेपर या नावाने ठेवते आणि दाखवते ती प्रत. मुळातच एखाद्याने पाठवलेले, आधी एकदा दाबले गेलेले चित्र असेल, तर दुसऱ्या दाबण्याने त्यातील बारीक रेषा आणि अक्षरे फुटतात. मूळ फाइल मिळवून ती लावणे हाच त्यावर इलाज आहे.

पार्श्वभूमी पूर्ण काळी होण्याला मात्र तीन-चार वेगवेगळे उगम आहेत आणि दुरुस्ती करताना ते क्रमाने तपासावे लागतात. २००८ पासून परवाना नसलेल्या विंडोज एक्सपीच्या प्रतींवर मायक्रोसॉफ्टने दर तासाला पार्श्वभूमी काळी करण्यास सुरुवात केली. ॲक्टिव्हेशन, म्हणजे परवान्याची खातरजमा, न झालेल्या पुढच्या काही आवृत्त्यांतही ही खूण दिसते आणि तिथे चित्र पुन्हापुन्हा लावून उपयोग नसतो. दृष्टी अधू असलेल्यांसाठीच्या सोयींमध्ये पार्श्वचित्र लपवण्याचे एक बटण असते, ते नकळत दाबले गेले तरी परिणाम तोच होतो. आलटून पालटून चित्रे दाखवणाऱ्या स्लाइड शोमध्ये चित्रांचा फोल्डर हलवला किंवा तो ज्या पेन ड्राइव्हवर होता तो काढून घेतला, तर दाखवायला काही उरत नाही. स्लाइड शो एकाच चित्रावर थांबून राहत असेल तर आधी वीजबचतीची मांडणी पाहावी, कारण लॅपटॉप बॅटरीवर असताना तो थांबवण्याची तरतूद तिथे आहे. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत हा अनुभव नित्याचा ठरतो.

उभ्या चित्रांच्या बाबतीत सहा पर्यायांपैकी एकही पुरेसा नाही, हे मान्य करूनच उपाय करावा लागतो. पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये पडद्याच्या मापाचा, म्हणजे १३६६ बाय ७६८ चा, कोरा पट घ्यावा, त्यात चित्रातीलच एखादा गडद रंग भरावा आणि पडद्याच्या उंचीइतके केलेले चित्र उजवीकडे सरकवून बसवावे, कारण विंडोजमध्ये फाइलींची चिन्हे डावीकडून मांडली जातात आणि देवाच्या किंवा रायण्णाच्या चेहऱ्यावर रिसायकल बिन येऊ नये अशी घरातील वडीलधाऱ्यांची रास्त अपेक्षा असते. अशी फाइल सेंटरवर ठेवली की ताणणे, कापणे किंवा पट्ट्या यांचा प्रश्नच उद्भवत नाही.