स्त्रीधर्म (सतराव्या शतकातील मराठी संतवाङ्मयात)

पत्नीची पतिनिष्ठा, विधवेचा संयम आणि आईची माया या कसोट्यांवर सतराव्या शतकातील मराठी वाङ्मयाने बाईचे शील पारखले. पोथीतला हा आदर्श आणि बायकांचे प्रत्यक्ष जगणे यांतली ओढाताण जांब (ता. घनसावंगी, जि. जालना) येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या परंपरेत विशेष ठळक दिसते.

‘दासबोध’ (२० दशक, २०० समास) हा सदाचाराचा मोठा ग्रंथ. मात्र त्यातला श्रोता बहुधा पुरुष आहे. दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांत आईबापांशी वैर धरून बायकोलाच जिवाची सखी मानणारा, गणगोत सोडून तिच्या तंत्राने जगणारा आणि सासुरवाडीला ठाण मांडणारा असे मूर्ख एकामागून एक येतात. तिसऱ्या दशकात बायको आल्यावर आईला विसरणारा मुलगा भेटतो. बायकोचे स्वतःचे गुणदोष येथे फारसे तपासलेले नाहीत. पुरुषाचा विवेक जोखण्याचे ती एक निमित्त आहे. चरित्रपरंपरेत हाच तोल आईकडे झुकतो. लग्नात ‘सावधान’ ऐकून नारायण (रामदासांचे मूळ नाव) पळाला, मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आई राणूबाईंची दृष्टी गेली आणि चोवीस वर्षांनी तो जांबेला परतल्यावर त्याच्या स्पर्शाने ती परत आली, अशी कथा आहे. अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे काय झाले, याची चौकशी चरित्रकारांनी मन लावून केलेली नाही.

रामदासी मठांचा व्यवहार मात्र वेगळा होता. मिरजेस दिलेली वेणाबाई बालविधवा. ती कीर्तनाला जाते म्हणून लोकापवाद उठला आणि घरच्यांनी तिला विष दिले, असे परंपरा सांगते. रामदासांनी तिला अनुग्रह दिला, उभे राहून कीर्तन करण्याची मोकळीक दिली आणि पुढे मिरजेचा मठ तिच्याकडे सोपवला. विधवेने चारचौघांत तोंड उघडू नये अशा काळात हे घडले. तिच्या ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा विषय लग्नसोहळा असावा, याकडेही अभ्यासकाने लक्ष द्यावे.

रामदासांच्या जांबेप्रमाणेच मराठवाड्यात असलेल्या देवगाव (रंगारी) येथे १६२८ च्या सुमारास जन्मलेल्या बहिणाबाईंनी हा पेच आतून मांडला. लहानपणीच त्यांचे लग्न तिशीच्या बिजवराशी झाले. तुकारामांचा ध्यास घेतला म्हणून नवऱ्याने मारझोड केली. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे, हे त्याला सोसवेना. आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी मार, गरोदरपण, कीर्तनाला येणारे लाडके वासरू आणि त्याचा मृत्यू हे सारे नोंदवले आहे. त्या पतिव्रताधर्म झुगारत नाहीत. नवरा घर सोडून जायला निघतो, तेव्हा त्याच्या सेवेतच आपला देव आहे अशी मनाची समजूत घालतात. पण तुकारामांनाही सोडत नाहीत. त्यांचे पतिव्रतेवरील अभंग केवळ आज्ञाधारकपणाचा नमुना म्हणून वाचणे अपुरे आहे. आधी पाठीवरचे वळ सांगितलेल्या बाईने ते रचले आहेत. ब्राह्मण्य जन्मावर ठरते काय, असा प्रश्न करणाऱ्या ‘वज्रसूची’चे मराठी रूपही त्यांचेच.

पुढे तंजावरच्या मराठा राज्यात त्र्यंबकयज्वन् यांनी ‘स्त्रीधर्मपद्धती’ हा संस्कृत ग्रंथ रचून पत्नीचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिनक्रम बांधून दिला. फ्रान्समध्ये क्रिस्तीन द पिझां हिने १४०५ च्या सुमारास सद्गुणी स्त्रियांचे कल्पित नगर वसवून पुरुषी निंदेला थेट उत्तर दिले होते. मराठीत असा उघड वादग्रंथ त्या काळी स्त्रीच्या हातून झाला नाही; येथे वाद अभंगातून आणि मठाच्या कारभारातून चालला. रामदासांच्या शिष्या अक्काबाई यांनी गुरूंच्या पश्चात चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्था सांभाळली. १७०० साली सज्जनगड मोगलांच्या हाती गेला, त्या धामधुमीत मूर्ती सुरक्षित ठिकाणी हलवण्याचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते.