संगणकाची निगा व माहितीचे संरक्षण

वैयक्तिक संगणक व त्याची साठवण-साधने (हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह इ.) कार्यक्षम राखणे, त्यांतील बिघाडांचे निदान करणे आणि त्यांत साठविलेली माहिती नाशापासून वाचविणे, अशा तीन कार्यांचा या विषयात समावेश होतो. यंत्र बिघडल्यास ते बदलता येते. माहितीची दुसरी प्रत नसेल, तर ती मात्र बहुधा कायमची जाते. त्यामुळे पहिली दोन कार्ये अखेर तिसऱ्यासाठीच असतात. धूळ, दमटपणा व विजेच्या दाबातील चढउतार यांपासून जालकातून पसरणाऱ्या विध्वंसक आज्ञावलींपर्यंत धोक्यांचे स्वरूप बदलत गेले. परंतु त्यांवरील अखेरचा उपाय, म्हणजे मूळ यंत्रापासून अलग ठेवलेली प्रत, बदललेला नाही. नवी मुंबईलगतच्या न्हावाशेवा येथील बंदरात २०१७ मध्ये घडलेल्या घटनेने ही गोष्ट ठळकपणे निदर्शनास आणली.

साठवण-साधनांचा विकास : फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारी पहिली व्यापारी यंत्रणा अमेरिकेतील आय. बी. एम. या कंपनीने १९५६ मध्ये प्रचारात आणली. तीत सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून त्यांवर सु. ५० लक्ष अक्षरे मावत. १९८० मध्ये सीगेट या कंपनीने लहान संगणकात बसणारी ५ मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क तयार केली आणि १९८३ मध्ये आय. बी. एम.च्या पीसी-एक्सटी या संगणकात १० मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क बसविण्यात आली. तोपर्यंत फ्लॉपीवर ठेवली जाणारी माहिती यानंतर यंत्रातच साठू लागली. सोय वाढली, तसा सर्व माहिती एकाच ठिकाणी असण्याचा धोकाही वाढला.

हार्ड डिस्कमधील वाचन-लेखन शीर्ष तबकडीला न टेकता हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. आधुनिक डिस्कमध्ये हे अंतर केवळ काही नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पट भरते. म्हणूनच चालू स्थितीत धक्का बसल्यास शीर्ष तबकडीवर आदळून पृष्ठभाग खरवडला जाण्याचा संभव असतो. एसएसडीमध्ये फिरणारे भाग नसल्याने धक्क्याचे भय कमी असते. मात्र तिच्यातील प्रत्येक साठवणपेशीवर ठराविक वेळाच नव्याने लिहिता येते, तसेच दीर्घकाळ विजेविना राहिल्यास पेशींतील विद्युत्‌ भार हळूहळू गळून माहिती नष्ट होऊ शकते.

संगणक-विषाणू व महाराष्ट्रातील प्रयत्न : दुसऱ्या आज्ञावलीत किंवा डिस्कच्या आरंभीच्या भागात शिरून स्वतःच्या प्रती काढणाऱ्या आज्ञावलीस संगणक-विषाणू (व्हायरस) म्हणतात. आय. बी. एम. पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांत पसरलेला पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथील दोन बंधूंनी तयार केला होता. तो फ्लॉपीद्वारे पसरे. त्यानंतरचा ‘मायकेलँजेलो’ हा विषाणू दर वर्षी ६ मार्चला डिस्कवरील माहितीवर निरर्थक अक्षरे लिहीत असे. १९९२ मध्ये त्याची जगभर धास्ती घेतली गेली.

या काळात संगणक-दुरुस्ती व विषाणू-निर्मूलन हे व्यवसाय एकमेकांस लागूनच वाढले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून आरंभ करून पुढे संगणक-दुरुस्ती हाती घेतली. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढून टाकणाऱ्या आज्ञावली रचल्या आणि त्यांतून १९९५ मध्ये ‘क्विक हील’ हे विषाणुरोधक बाजारात आले. संस्थेचे मूळ नाव कॅट कॉम्प्यूटर सर्व्हिसेस असे होते. विषाणुरोधक जुन्या विषाणूंच्या ज्ञात खुणांवरून नवी लागण ओळखते. सर्वस्वी नव्या आज्ञावलीपुढे ही पद्धत अपुरी पडते, हे पुढे वारंवार दिसून आले.

न्हावाशेवा येथील घटना : मुंबई बंदरावरील ताण कमी करण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात उभारलेले जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का डेन्मार्कच्या ए. पी. मोलर-मर्स्क समूहाच्या व्यवस्थापनाखाली असून त्याची क्षमता २०१७ च्या सुमारास वर्षाला १८ लक्ष प्रमाण कंटेनर एवढी होती. कंटेनर कोणाचा, कोठे ठेवला आहे व कोणत्या जहाजावर चढवावयाचा, हे सर्व संगणकावर नोंदलेले असल्याने त्या नोंदींवाचून क्रेन व ट्रेलर सुस्थितीत असूनही काम पुढे सरकत नाही.

‘नॉटपेट्या’ ही विध्वंसक आज्ञावली २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये प्रथम पसरली. तेथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावत आवृत्तीतूनच ती संगणकांत शिरली; म्हणजे प्रणाली अद्ययावत ठेवणे हा जो निगेचा पहिला नियम, त्याच मार्गाचा तिने उपयोग करून घेतला. मर्स्क समूहाच्या जालकात शिरल्यावर ती अल्पावधीत त्याच्या जगभरच्या कार्यालयांत व धक्क्यांत पोहोचली. विंडोज प्रणालीतील ज्या दोषाचा तिने फायदा घेतला, तो बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच प्रसृत झाली होती. तथापि ज्या संगणकांत ती केलेली होती, त्यांतही ही आज्ञावली स्मृतीतील परवलीचे शब्द चोरून शिरू शकत असे. संगणक पुन्हा सुरू होताच पडद्यावर डिस्क-तपासणी चालू असल्याचा नेहमीचा संदेश दिसे. प्रत्यक्षात त्या वेळी डिस्कवरील फायलींची मुख्य सूची कूटबद्ध केली जात असे. त्यानंतर ३०० डॉलरची खंडणी मागितली जाई. तथापि उलट-उकल करता येईल अशी किल्लीच राखलेली नसल्याने पैसे भरूनही माहिती परत मिळणे शक्य नव्हते.

न्हावाशेवा येथील या धक्क्याचे संगणकीकृत कामकाज बंद पडले. काम हाताने चालविण्याचा प्रयत्न झाला, तर बंदर व्यवस्थापनाने वाहतुकीचे नियमन करून अडकलेल्या मालासाठी जागेची सोय केली. बंदरातील इतर धक्के चालू राहिले. युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या दोषापायी उरण तालुक्यात मालाची कोंडी व्हावी, ही बाब संगणकांच्या परस्परावलंबनाची साक्ष देते.

मर्स्क समूहाला सु. ४,००० सर्व्हर व ४५,००० वैयक्तिक संगणक सु. दहा दिवसांत नव्याने सिद्ध करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर झाल्याचे समूहाने सांगितले. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार, समूहाच्या जालकातील वापरकर्त्यांची ओळख व अधिकार सांभाळणारे सु. १५० सर्व्हर परस्परांच्या प्रती म्हणून काम करीत. एक नष्ट झाला, तर दुसरा कामी यावा, ही योजना. परंतु सर्व एकाच जालकात जोडलेले असल्याने सर्वच पुसले गेले. घाना या देशातील एक सर्व्हर तेवढा वाचला. कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्याने तो जालकापासून तुटलेला होता. त्यावरील माहितीच्या आधारे पुढील उभारणी झाली. योजनापूर्वक ठेवलेल्या प्रती गेल्या आणि योगायोगाने अलग राहिलेली प्रत उपयोगी पडली.

निदान व निगा : वैयक्तिक संगणकाची निगा याच दृष्टीने पाहावी लागते. नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या व रासायनिक कारखान्यांच्या परिसरात हवेतील दमटपणा व गंधकयुक्त वायू यांमुळे धातूच्या जोडण्या गंजण्याचा संभव असतो. हार्ड डिस्क बंदिस्त असल्याने धूळ तीत सहसा शिरत नाही. परंतु पंख्यात व उष्णता-विसर्जकात साचल्याने प्रक्रियक तापतो आणि संगणक अचानक बंद पडतो. अशा वेळी डिस्क निकामी झाली, असे समजण्यापूर्वी धूळ, वीजपुरवठा व जोडण्या तपासणे इष्ट ठरते. वीज एकाएकी गेल्यास अर्धवट लिहिलेल्या फायली दूषित होतात, म्हणून यूपीएसचा वापर करतात.

डिस्कमधून टकटक असा आवाज येणे, फायली उघडण्यास असाधारण विलंब लागणे व त्याच त्या चुका पुन्हापुन्हा दिसणे, ही यांत्रिक बिघाडाची लक्षणे होत. आवाज येत असल्यास डिस्क त्वरित बंद करून तज्ञाकडे सोपवावी. इतर लक्षणे असल्यास आधी माहितीची प्रत काढावी, दुरुस्तीची आज्ञावली त्यानंतर चालवावी. कारण तपासणीचा ताण दुर्बल डिस्कला सोसतोच असे नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. परंतु गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लक्षाहून अधिक डिस्कांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी अशी कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. यावरून, लक्षणे दिसल्यावर प्रत काढू, ही भिस्त निराधार ठरते.

राखीव प्रत : माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा नियम जगभर रूढ आहे. दुसऱ्या ठिकाणाचे महत्त्व २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीने महाराष्ट्रास पटवून दिले. त्या वेळी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. अशा पुरात तळमजल्यावरील संगणक व त्याच्या शेजारी ठेवलेली प्रत यांची गत एकच होते. न्हावाशेव्याच्या घटनेनंतर या नियमात आणखी एका अटीची भर घालणे आवश्यक ठरते : निदान एक प्रत काम संपताच संगणकापासून व जालकापासून तोडलेली असावी. आपोआप जुळवून घेणारा दूरस्थ साठा सोयीचा असला, तरी मूळ फाइल पुसली वा कूटबद्ध झाली, की तोच बदल तेथेही उमटतो. जुन्या आवृत्त्या राखण्याची तरतूद नसेल, तर त्यास राखीव प्रत म्हणता येत नाही. प्रत काढल्यावर तीवरून माहिती खरोखर परत मिळते की नाही, हेही अधूनमधून पडताळावे लागते.

ऐरोली, रबाळे व महापे या नवी मुंबईतील भागांत मोठी माहितीकेंद्रे उभी राहिली असून असंख्य संस्थांची माहिती तेथे साठविली जाते. त्यांच्या रक्षणाचे तत्त्व घरगुती संगणकाच्या रक्षणाहून वेगळे नाही. माहितीच्या किती प्रती आहेत, यापेक्षा एकाच आघातात न सापडणारी प्रत त्यांत आहे की नाही, यावर तिचे टिकणे अवलंबून असते.